पिशवीवर छत्री धरणाऱ्या गलांडे बाई

गलांडे बाई स्वतः उन्हात चालायच्या आणि छत्री पिशवीवर धरायच्या. पळसदरी स्टेशनावरून आमच्या गावाकडं येणाऱ्या रस्त्यावर मी त्यांना असं कितीदा तरी पाहिलं. डोक्याला ओढणी गुंडाळलेली, धुळीनं पांढऱ्या झालेल्या चपला, डाव्या खांद्याला कापडी पिशवी आणि उजव्या हातातली काळी छत्री तिरकी करून त्या पिशवीवर. नवखा माणूस बघून हसायचा. गावानं हसायचं सोडून दिलं होतं. ती छत्री त्यांच्या हातात कशी आली हे मात्र गावात एकट्या मला ठाऊक होतं, आणि मी गप्प होतो.

बाई आमच्या भागाच्या कृषी सहायक. मूळच्या वर घाटावरच्या, माणदेशातल्या. पाणी नसलेल्या मुलखातलं माणूस आमच्या चिखलात आलं, त्यामुळं पहिलं वर्ष त्यांचं शिंकण्यातच गेलं. वय तिशीच्या पुढं, अंगानं काटकुळ्या, पण आवाज असा की या बांधावरून बोलल्या तर त्या बांधावरचा बैल कान टवकारायचा. आधीचे साहेब पंचायतीच्या खुर्चीत बसून शेत बघायचे. या बाई बांधावर आल्या की आधी चपला काढायच्या. माझ्या शेजारचा बाळू भोईर, त्याला दुसऱ्याची टर उडवल्याशिवाय भाकर पचत नाही, तो एकदा म्हणाला, "मॅडम, इथं देऊळ हाय काय?"

"देऊळ न्हाई, पण पायाला वल कळती," बाई म्हणाल्या. "बूट घालून शेताची नाडी लागत न्हाई."

बाळू स्वतः तेव्हा बूट घालून उभा होता.

त्यांच्या तोंडी एकच वाक्य कायम असायचं. बियाणं हातात घेतलं तरी तेच, शेणखताच्या ढिगात हात घातला तरी तेच. "जित्तं हाय, जपून." आमच्या हौसानं, म्हणजे माझ्या बायकोनं, ते उचललं. मी उकळता चहा घाईनं प्यायला लागलो की म्हणायची, "आवं, जीभ जित्ती हाय, जपून."

कुणाच्या घरी गेल्या की आधी माठाजवळचा थंड कोपरा मागायच्या. तिथं पिशवी ठेवायच्या, मग स्वतः बसायच्या. पिशवीत असायची बियाण्याला लावायच्या जिवाणूंची पाकिटं. आत काजळीसारखी काळी भुकटी, ओल्या मातीचा वास. कुणी विचारलं, मॅडम, यानं नक्की पीक वाढंल का, तर त्या कधी हो म्हणाल्या नाहीत. म्हणायच्या, "बगूया." सरकारी माणसानं असं बोलायचं नसतं, हे मला तिसरी शिकलेल्यालाही कळत होतं. पण त्यांच्या त्या 'बगूया'वर माझा हळूहळू विश्वास बसत गेला.

आमचं मुख्य पीक भात. भात कापला की कालव्याच्या पाण्यावर कुणी वाल करतो, कुणी उन्हाळी भुईमूग. भुईमूग गावात माझा चांगला, असं मी म्हणायचो. ते कुणी खोडून काढायचं नाही, कारण माझ्याशी वाद घालत बसायला कुणाला वेळ नव्हता. बाई आल्या त्याच साली, फुलं येऊन गेल्यावर, एका सकाळी शेतात गेलो तर बघतो काय, बाई एक मोकळा ड्रम आडवा पाडून माझ्या उभ्या पिकावरून लोटत होत्या. दुसऱ्या बाजूनं हौसा लोटत होती. मी लांबूनच ओरडत निघालो. हौसा ड्रम सोडून बाजूला झाली. बाई हलल्या नाहीत.

फुलातून जी बारीक सुई निघते, ती आर, जमिनीत शिरली तरच तिची शेंग होते, त्यांनी मला वाकून दाखवलं. वरच राहिली तर वाळून जाते. ड्रमानं दाबलं की झाड मरत नाही, आर आत जाते. मी म्हटलं, माझा बा ड्रम फिरवत नव्हता आणि त्याच्या शेंगा मापून पोती फाटली. अर्धं शेत तसंच सोडायला लावलं मी त्यांना.

काढणीला काय झालं ते मी कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या साली ड्रम गोठ्यामागून मीच ओढून आणला. हौसा पदर तोंडाला लावून हसली, तिच्याकडं मी बघितलं नाही. चुकलो असं म्हणायची सवय आमच्या घराण्यात कुणाला नव्हती. तेव्हा मला ते भूषण वाटायचं.

मग बाईंनी जिवाणूंचं काढलं. मारुतीच्या देवळाच्या मंडपात गोणपाट अंथरून आम्हाला बसवलं. भुईमुगाच्या मुळावर बारीक बारीक गाठी असतात, त्यात हे जिवाणू राहतात, हवेतलं नत्र धरून झाडाला देतात. झाड त्यांना गोडधोड देतं, ते झाडाला खत देतात. पण आमच्या खाचरात चार महिने पाणी तुंबतं, त्या चिखलात ते गुदमरतात, थोडेच उरतात. म्हणून दर साली बियाण्याबरोबर नवे सोडायचे.

"सोडायचे म्हंजे?" मी म्हटलं. "मासे हायत काय?"

"माशापरीस नाजूक हायती, काका."

गूळ घालून पाणी उकळलं, ते निवू दिलं. निवलं की नाही ते त्यांनी मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून बघितलं. बायकांनी एकमेकींकडं बघून माना हलवल्या. तान्ह्याला अंघोळ घालायचं पाणी त्या तसंच बघत आल्या होत्या, त्यांना पुढं काही समजावून सांगावं लागलं नाही. दाण्यांवर ते पाणी शिंपडलं, वर काळी भुकटी, आणि हलक्या हातानं खालीवर. भुईमुगाच्या दाण्याचं साल निघालं की तो उगवत नाही, म्हणून हात हलका हवा. बाईंनी हे काम मुद्दाम आम्हा गड्यांना करायला लावलं. आमचे हात म्हणजे काय, कुदळीच्या दांड्याचे. पहिल्या घोळीत निम्मे दाणे नागडे झाले. बाळू भोईर बाजूला बसून म्हणाला, "मॅडम, आमाला लाडू वळायला शिकवताय काय?"

"व्हय. पण खाणार माती. तुमी बगत बसा."

त्या दिवशी मंडपात सगळे हसले. करतो मात्र कुणी म्हणालं नाही.

तालुक्याच्या साहेबांनी बाईंना सांगून ठेवलं होतं, रस्त्याकडेला एक तुकडा करून दाखवा. लोकांना फरक दिसला तर दर साली गावाला पाकिटं येतील. नाही दिसला तर ती दुसऱ्या भागाला जातील. बाई माझ्या ओटीवर आल्या. पिशवी माठाजवळ ठेवली, चहा पुढ्यात तसाच ठेवला आणि म्हणाल्या, "काका, तुमचा रस्त्याकडचा तुकडा द्या. तुमी केलं तर गाव करंल. माझा शबूद तुमच्या शेतात टाकते."

असं म्हटल्यावर मी कशाला नाही म्हणतोय.

निम्म्या तुकड्यात जिवाणू लावलेलं बी, निम्म्यात साधं. मधी बांबू रोवून त्याला लाल फडकं. पेरणीच्या दिवशी बाई सकाळीच आल्या, हौसाला घेऊन ओटीवर बी घोळलं, गोणपाटावर सावलीत पसरलं. पाकिटात थोडी भुकटी उरली होती. ती घेऊन त्या वर ठाकरवाडीत चांगुणाकडं निघाल्या. चांगुणा म्हणजे आमच्याकडं लावणीला येणारी, डोंगराच्या पायथ्याला तिचा ओंजळभर जमिनीचा तुकडा, झऱ्याच्या पाण्यावर ती शेंगा लावायची. दुपार टळल्यावर पेरायला येते, म्हणाल्या. पायरी उतरताना वळून म्हणाल्या, "सावलीतच ऱ्हाऊ द्या. उनाला लावू नका. जित्तं हाय, जपून."

हौसा शेतावर गेली. मी एकटा घरी. जेवायला बसायच्या आधी ओटीवर आलो तर भिंतीच्या फटीतून तांबड्या मुंग्यांची रांग लागलेली. गुळाचं पाणी ते. गोणपाट मुंग्यांनी लाल झालं होतं. दाणे कुरतडायला लागल्या तर पेरू काय? आता आमच्या घरात धान्याला मुंग्या लागल्या की एकच रीत. उन्हात टाकायचं. आईनं तेच केलं, तिच्या आईनं तेच केलं. अंगणात मिरच्या वाळवायचा पत्रा होता. मी गोणपाट उचललं आणि सगळं बी त्या पत्र्यावर पसरलं. बाईंचं बोलणं कानात होतं, नाही असं नाही. पण म्हटलं, उन्हानं कधी बियाणं मरतं काय? आपण काय आज शेती करतोय?

जेवलो, पान खाल्लं, मुंग्या गेल्या. बी परत सावलीत ठेवलं. बाई आल्या तेव्हा ते निवलेलंही होतं. मूठभर हातात घेऊन म्हणाल्या, "झ्याक वाळलंय." मी म्हटलं, "मग."

फुलोऱ्याच्या सुमाराला साहेब आले, गाव जमलं. लाल फडक्याच्या अलीकडं-पलीकडं एकच रंग. पिवळट. बाई वाकल्या, अलीकडचं, जिवाणू लावलेलं एक झाड माती न झाडता अलगद उपटलं. मुळावर चारदोन गाठी. त्यातली एक त्यांनी नखानं चिरली. जिवाणू कामाला लागले असतील तर गाठ आतून गुलाबी निघते, हे त्यांनी आम्हाला मंडपात सांगितलं होतं. ती पांढरी निघाली. दुसरं झाड उपटलं, तिसरं उपटलं. बाळू मागून म्हणाला, "लाडू बिघडले जणू." लोक हसले, साहेबसुद्धा.

बाईंनी मान वर केली. सगळ्यांदेखत मला विचारलं, "काका, बी सावलीतच वाळवलं हुतं न्हवं?"

माझ्याच शेतात, माझ्याच गावापुढं. मी म्हटलं, "व्हय. तुमी सांगितलं तसंच."

एवढंच बोललो. बाई साहेबांकडं वळून म्हणाल्या, "माझ्याकडनंच पाकीट वाटंत तापलं आसंल, सर. चूक माजी हाय." आणि वहीत तसं लिहून घेतलं.

पुढच्या आठवड्यात त्या आल्या तेव्हा हातात छत्री होती.

पाकिटं दुसऱ्या भागाला गेली. आमच्या गावात बाईंच्या शब्दाला किंमत राहिली नाही. कुणी तोंडावर काही बोललं नाही, पण बांधावर आल्या की माणसं दुसरं काम काढून चालू पडायची. काळी पावडर म्हणायचे त्यांना मागं.

त्यातच एका सकाळी त्या माझ्या दारात आल्या. हातात भुईमुगाचं झाड, मुळाला फडक्यात बांधलेली माती. चेहरा असा, जणू दहावी पास झाल्याचा निकाल हातात आहे. झाड चांगुणाच्या तुकड्यातलं होतं. माती सोडून त्यांनी मूळ माझ्यापुढं धरलं. गाठी ज्वारीच्या दाण्यासारख्या दाटीनं लागलेल्या. एक चिरली. आत कोवळ्या जिभेसारखी गुलाबी.

"काका, पाकीट तापलं न्हवतं. त्याच पाकिटातलं हाय हे."

मला कळलं की आता 'मग तुमच्या शेतात काय झालं' एवढंच त्यांना विचारायचं उरलं आहे. हौसा पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. मी म्हटलं, "आमची जमीन वाईट असंल."

आयुष्यात माझ्या जमिनीला मी कधी वाईट म्हटलं नव्हतं. हौसानं चमकून माझ्याकडं बघितलं. बाई झाड फडक्यात परत बांधायला लागल्या. बांधून झाल्यावर म्हणाल्या, "तुमची जमीन वाईट न्हाई, काका." पाणी प्यायल्या आणि गेल्या.

त्यानंतर दोन हंगाम त्या पदरच्या पैशानं एखादं पाकीट आणून ठाकरवाडीतच जात राहिल्या. चांगुणानं त्यांना पाकीट पळसाच्या ओल्या पानांत गुंडाळायला शिकवलं म्हणे, आणि माठापेक्षा वाळक्या भोपळ्यात ते जास्त थंड राहतं हेही. बाई ते ऐकायच्या, लिहून घ्यायच्या. वाडीला जाणारी वाट माझ्या ओटीसमोरून. आठवड्यातून एकदा ती काळी छत्री पिशवीवर तिरकी धरून माझ्या घरावरून जायची. पाकीट तापलं नव्हतं हे कळल्यावरही त्यांनी छत्री सोडली नव्हती. दिसलो की म्हणायच्या, "काय काका, बरं हाय का?" मी म्हणायचो, "हाय." मग घरात यायचो आणि कशावरून तरी हौसाशी भांडायचो.

आज आमच्याकडं सगळं पालटलं. रस्त्याकडच्या तुकड्याच्या दोन्ही बाजूंना मुंबईवाल्यांचे बंगले झाले, शनिवार-रविवारी त्यांच्या गाण्यांनी शेतातले वाल हादरतात. बाळूनं जमीन विकली, दहिवलीला गाळा घेतला. जे थोडे भुईमूग करतात ते सगळे जिवाणू लावतात. आता ते कर्जतच्या दुकानात बाटलीतसुद्धा मिळतं. माणसं ते ओल्या फडक्यात आणतात, बी सावलीत वाळवतात आणि मुंग्यांसाठी गोणपाटाच्या चारी बाजूंना पाण्याची धार ओढतात. ही धार ओढायची रीत माझी, तेवढं मी सांगून ठेवतो. पण हे सगळं बाई बदलून गेल्यानंतरचं. बाई होत्या तोवर खालच्या गावात एकानंही परत लावलं नाही.

त्यांची बदली झाली ती मे महिन्यात, वर त्यांच्या मुलखाकडं. देवळाच्या मंडपात शाल-नारळाचा कार्यक्रम ठेवला. माणसं वीस-पंचवीस. वाडीतून चांगुणा आली होती, मंडपाच्या बाहेर पायरीवर बसली. बाईंनी तिला हाताला धरून आत आणलं आणि बायकांच्या पुढं बसवलं. कशेळ्याकडून आलेली जीप देवळापुढं उभी, त्यांचं सामान वर बांधलेलं. सरपंच दोन शब्द बोलले, त्यातला एक चुकला. मग बाई उठल्या. मला वाटलं आभार मानतील.

त्या म्हणाल्या, गावानं मला सांभाळून घेतलं, भाकरी दिली. एकच काम माझ्याच्यानं झालं नाही. काकांच्या शेतातलं. "कुटं चुकलं ते मला घावलं न्हाई. पण चूक माजीच आसनार. माझ्यामुळं तुमचा इश्वास ग्येला. उद्या दुसरं कुणी ही पाकिटं घिऊन आलं, तर माझ्याकडं बगून त्यास्नी न्हाई म्हनू नका. एवडंच मागनं हाय."

नमस्कार करून त्या खाली बसायला लागल्या.

मी उभा राहिलो. उभं राहायचं मी ठरवलं नव्हतं. खांबाला धरून उभा होतो आणि सगळे माझ्याकडं बघत होते. म्हटलं, "बाईंची चूक नाय. बी मी उन्हात टाकलं व्हतं. गुळाला मुंग्या लागल्या म्हून. त्यांनी नको सांगितलेलं, तरी टाकलं. आन् मंग खोटं बोललो."

हौसानं मान खाली घातली होती, ती वर केली.

मला वाटलं बाई आता रडतील, नाहीतर मला चार शब्द सुनावतील. दोन्हीला मी तयार होतो. त्यांनी पिशवीतून वही काढली. पेन शोधायला थोडा वेळ गेला.

"किती येळ?" म्हणाल्या.

"जेवून पान खाईस्तवर. तासभर असंल."

"चटईवर का भुईवर?"

"पत्र्यावर."

त्या लिहीत होत्या. लिहून झाल्यावर ते गावाला वाचून दाखवलं, शिकवायच्या आवाजात. गुळाच्या मुंग्या, तापलेला पत्रा, एक तास. मग असं होतं, म्हणाल्या, हे ध्यानात ठेवा, मुंग्यांचं मी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. चिडलेलं काही त्या आवाजात मला ऐकू आलं नाही. त्यांना हे आधीच ठाऊक होतं की त्या दिवशीच कळलं, ते मला आजही सांगता येणार नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

जीपवाल्यानं हॉर्न दिला. बाई माझ्याजवळ आल्या. "काका, त्यो पत्रा हाय का अजून?"

माझं घर देवळामागंच. त्या पुढं, मी मागं, हौसा आणि चांगुणा आमच्या मागं. भर दुपार होती. पत्र्यावर हौसानं आंब्याच्या फोडी वाळत घातल्या होत्या. बाई खाली वाकल्या, थोड्या फोडी बाजूला सारून हाताएवढी जागा केली आणि त्या उघड्या पत्र्यावर आपला तळहात सपाट ठेवला.

मला वाटलं चटका बसून लगेच उचलतील. त्यांनी उचलला नाही. दात आवळून, पत्र्याकडं बघत, हात तसाच दाबून ठेवला. हौसा म्हणाली, "बाय गं, काढ की हात." चांगुणानं पुढं होऊन त्यांचं मनगट धरलं, तेव्हा काढला. तळवा लालबुंद झाला होता.

"लई तापतोय," एवढंच त्या म्हणाल्या, माझ्याकडं न बघता, अगदी हळू. मग सारलेल्या फोडी डाव्या हातानं एकेक करून परत जागेवर मांडल्या आणि जीपकडं गेल्या.